डाव्या खिडकीतला जिराफ

बाबा, मी तुमच्या त्या गाडीतून जाऊन आले. केपटाउनला चढले आणि पंधराव्या दिवशी दार-ए-सलामला उतरले. मध्ये पाच देश लागले आणि सोळा वेळा मश्रूम. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर तिथल्या स्वयंपाक्याने पहिल्याच संध्याकाळी माझं काय करायचं ते ठरवून टाकलं होतं. परवा मस्कतला परत आले. बॅग अजून दारातच पडली आहे. त्यातले कपडे मशीनमध्ये टाकायचे सोडून मी हे लिहायला बसले आहे, तेही तुमच्या जुन्या लेटरहेडवर. ऑफिसच्या कपाटात खालच्या कप्प्यात त्याचा एक गठ्ठा उरला आहे. त्यावरचा फोन नंबर केव्हाच बंद झाला, फॅक्स नंबर म्हणजे काय ते आताच्या मुलांना सांगावं लागतं, पण कागद चांगला जाड आहे, म्हणून मी तो कुणाला कच्च्या कामाला वापरू देत नाही.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची एक गोष्ट मी नव्या माणसाला हमखास सांगत आले. आमचे बाबा जन्मले त्या गावात रेल्वे नव्हती, नोकरीला आले त्या देशात रेल्वे नाही, आणि त्यांनी जन्मभर रेल्वेची तिकिटं विकली. लोक हसतात. मीही हसते. तुम्ही रत्नागिरीहून एस.टी.ने मुंबई गाठलीत, तिथून विमानाने मस्कत, आणि अझैबातल्या त्या दोन खोल्यांच्या ट्रॅव्हल ऑफिसात काउंटरमागे बसलात ते शेवटपर्यंत. विमानाच्या तिकिटांत तुमचं मन नव्हतं. मुंबई, कोची, ढाका. ती तुम्ही मान वर न करता काढून द्यायचात. पण महिन्यातून एखादं जोडपं आत यायचं, बहुतेक ओमानी, जरा वयस्क, ज्यांचे आईवडील कधीकाळी झांझिबारहून परत आलेले असायचे आणि ज्यांना एकदा तिकडचा मुलूख डोळ्यांनी बघायचा असायचा. ते आफ्रिकेतल्या त्या चैनीच्या गाडीचा विषय काढायचे, आणि तुम्ही खुर्चीतून उठायचात. शाळा सुटल्यावर मी घरी न जाता ऑफिसात येऊन बसायचे ती त्या उठण्यासाठी.

तुम्ही भिंतीकडेच्या खुर्च्या ओढता. दोन समोरासमोर, तिसरी मध्ये आडवी, ती जेवणाचं टेबल. बाईंना खिडकीशी बसवता. खिडकी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. मग शर्टाच्या बाह्या खाली करून बटणं लावता, कारण त्या गाडीत संध्याकाळी कोट-टाय घातल्याशिवाय जेवायला बसता येत नाही आणि तुमच्याकडे कोट नाही. सकाळी सहाला दारावर टकटक होते, तुम्ही सांगता. चहा येतो. सोबत दोन बिस्किटं, बशीत नाही, वेगळ्या प्लेटमध्ये. आंघोळ मात्र गाडी उभी असताना करायची, वळणावर साबण हातात राहत नाही. हे सगळं तुम्ही हिंदी, इंग्रजी आणि कामापुरत्या अरबीत मिसळून सांगता आणि समोरच्याला पुरतं कळतं. आणि मग आवाज खाली येतो. मोठ्या धबधब्याचा पूल ओलांडला की दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं. डाव्या खिडकीशी बसायचं. सूर्य वर येतो आणि त्याच्या पुढ्यात एक जिराफ उभा असतो, एकटाच. खात नाही, पळत नाही. गाडी जाईपर्यंत नुसता बघत राहतो. इथे तुम्ही मान लांब करून हळूहळू डावीकडून उजवीकडे वळवायचात. तुमची मान तशी आखूड, बाबा, पण त्या ऑफिसात बसलेल्या एकाही माणसाला ती आखूड वाटली नाही.

तुमचा नियमच होता, परत आलेल्या प्रवाशाने ऑफिसात येऊन काहवा, म्हणजे इथली वेलचीची कॉफी, प्यायल्याशिवाय प्रवास पुरा होत नाही. तुम्ही हलवा मागवायचात, खजूर पुढे करायचात, आणि ते जोडपं पाऊण तास बोलायचं. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात आणि शेवटी, जाता जाता सहज आठवल्यासारखं विचारायचात, "और जिराफ?" सगळ्यांनी पाहिलेला असायचा. एकाने सांगितलं, त्याच्याबरोबर पिल्लू होतं. एक बाई म्हणाल्या, त्याने आमच्याकडे बघून पापणी मिटली. तुम्ही ती पापणी पुढच्या जोडप्याला सांगितलीत. असा तो जिराफ वर्षावर्षाला वाढत गेला. मी शाळेत निबंध लिहिला होता, माझे बाबा आफ्रिकेच्या गाडीतून कसे गेले त्याचा. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता आणि मुलांनी मला जिराफाबद्दल प्रश्न विचारले होते. मी उत्तरं दिली होती.

मग ती सुट्टी. मी एकोणीस वर्षांची, पुण्याला कॉलेजात शिकणारी, आणि दोन वर्षांत जगातलं सगळं कळलेली. सकाळी कसलासा फॉर्म भरायला तुमचा पासपोर्ट हातात घेतला. त्यात भारताचा शिक्का, ओमानचा शिक्का, पुन्हा भारत, पुन्हा ओमान. आधीचा पासपोर्ट काढला, त्यातही तेच. मी तो निबंध आठवून कानापर्यंत लाल झाले. तुम्हाला मी काही विचारलं नाही. दुपारी ऑफिसात एक जोडपं आलं, तुम्ही खुर्च्या मांडल्यात, बाह्यांची बटणं लावलीत, जिराफापर्यंत आलात, आणि मी काँप्युटरवरून मान वर करून, सगळ्यांना नीट समजेल अशा इंग्रजीत म्हणाले की बाबा या गाडीत कधी बसलेले नाहीत, आफ्रिकेतच कधी गेलेले नाहीत.

त्या माणसांनी काहवा संपवला. बाईंनी मला शिक्षण काय चाललंय ते विचारलं. ते गृहस्थ तुमच्याशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन करून म्हणाले, परत येतो, इन्शाल्ला. त्या इन्शाल्लाचा अर्थ तुम्हाला कळला आणि मलाही कळला. तुम्ही खुर्च्या एकेक उचलून भिंतीशी लावल्यात. घरी जाताना अल मवालेहच्या मार्केटपाशी गाडी थांबवलीत, कोथिंबीर घेतलीत, परत येऊन बसलात, आणि गाडी सुरू न करता म्हणालात, "तू खरं तेच बोललीस गो. पण त्यांना मी खिडकीशी बसवलं होतं." एवढंच. त्यानंतर आफ्रिकेचं कुणी विचारलं की तुम्ही छापील माहितीपत्रक पुढे सरकवायचात. अर्बाब, म्हणजे आपले मालक, ते एकदा माझ्यादेखत म्हणाले होते, "सिद्दीक, आजकल कुर्सी क्यों नहीं हिलती?" तुम्ही पाठ दुखते म्हणून सांगितलंत. पुढच्या दोन वर्षांत तुम्ही गेलात, आणि मी शिक्षण संपवून तुमच्याच काउंटरमागे येऊन बसले, ती अजून बसले आहे.

यंदा त्या गाडीवाल्यांनी तिकिटं विकणाऱ्या लोकांना गाडी दाखवायची ठरवली. आपल्या ऑफिसला दोन जागा आल्या. अर्बाब आता थकले, ऑफिस त्यांची मुलगी बघते. ती माझ्याच वयाची, त्यामुळे तिला मी अर्बाब म्हटलं की हातात असेल ते फेकून मारते. ती म्हणाली, आपण दोघी जायचं. मी लगेच हो म्हटलं आणि घरी येऊन घाबरले. मला तिथे काय बघायचं होतं ते मी तिला सांगितलं नव्हतं. मला एक जिराफ हवा होता, बाबा. पुलानंतरच्या पहाटे, डाव्या खिडकीत. तो असला तर तुम्ही पासपोर्टावर शिक्का नसूनही खरे होतात, आणि मग मला तुमची माफी मागता आली असती. मी त्या दिवशी खोटं बोलले असते तर माफी कधीच मागून टाकली असती. खरं बोलल्याबद्दल माफी कशी मागतात ते मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी, हे लेटरहेड असतं त्या कप्प्यात, तुमच्या वेळचं माहितीपत्रक सापडलं. मधलं पान उघडलं तर डाव्या पानावर उगवता सूर्य आणि त्याच्या पुढ्यात जिराफ, एकटाच. मी ते मिटून परत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी विमानतळावर गेले.

गाडी तुम्ही सांगितलीत तशीच आहे. चहा सहाला येतो. बिस्किटं दोन आणि वेगळ्या प्लेटमध्ये, ती प्लेट मी नुसती बघत बसले आणि चहा आणणाऱ्या बाईंना वाटलं मला बिस्किटं चालत नाहीत, त्या तिसरं घेऊन आल्या. साबणाचंही खरं. मी दुसऱ्या दिवशी तुमचं न ऐकता चालत्या गाडीत आंघोळीला गेले आणि वळणावर साबण, शांपूची बाटली आणि मी अशा तिघी एका कोपऱ्यात जमा झालो. बैठकीच्या डब्यात फोन काढायला बंदी आहे, त्यामुळे एरवी एकमेकांशी न बोलणारे नवरा-बायको तिथे तासन् तास बोलत बसतात आणि त्यातले काही भांडतातही. संध्याकाळी सगळे नटून जेवायला. मी आईची मोतिया रंगाची साडी नेसले. अर्बाबच्या मुलीने तिचा सोनेरी काठाचा अबाया घातला. शॅम्पेनचे ग्लास फिरायला लागले की ती पिशवीतून व्हिम्टो या जांभळ्या सरबताची बाटली काढायची, त्याच उंच ग्लासांत आम्हा दोघींना ओतायची, आणि शेजारच्या टेबलावरचे लोक ही कुठली वाइन म्हणून विचारायचे. काहव्याचा थर्मासही तिने घरून आणला होता. मी चिवडा नेला होता. गाडीत पाच-पाच पदार्थांचं जेवण होतं हे आम्हाला दोघींनाही आधीपासून माहीत होतं, तरी.

पुलावर गाडी अगदी हळू झाली. धबधब्याचे तुषार खिडकीच्या काचेवर आले, मी काच खाली केली आणि चष्म्यावर घेतले. तेही तुम्ही सांगितलं होतंत. त्या रात्री मी घड्याळाचा गजर लावला. आता अडचण अशी की आमच्या खोलीची खिडकी उजवीकडे होती. डावीकडे डब्याचा बोळ. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी गाउनवर शाल गुंडाळून त्या पॉलिश केलेल्या लाकडी बोळात, नाक काचेला लावून उभी. उजाडलं. मक्याची शेतं दिसली. सायकलवर कोळशाची पोती लादून चाललेला माणूस दिसला. गणवेशातल्या मुली रुळांकडेने शाळेला निघाल्या होत्या, त्यांनी हात केला, मी केला. दोन वेळा मी पाण्याच्या टाकीला जिराफ समजले. एकदा तर हाकही मारली. चहा घेऊन आलेल्या बाईंनी विचारलं, मॅडम, गादी टोचते का? मी म्हटलं, नाही, मी सूर्योदय बघते. सूर्य उगवून तासभर झाला होता.

मला वाटलं, तुमचा हिशोब एखाद्या दिवसाने चुकला असेल. म्हणून दुसऱ्या पहाटेही उभी राहिले. तिसऱ्याही. चौथ्या पहाटे अर्बाबची मुलगी थर्मास घेऊन बाहेर आली, माझ्या हातात काहव्याची वाटी दिली, शेजारी उभी राहून काचेबाहेर बघायला लागली आणि जरा वेळाने म्हणाली, "अंकल का जिराफ ढूँढ रही है ना?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मेरे बाबा ने भी नहीं देखा था."

आणि मग तिने सांगितलं. अर्बाबना तुम्हीच त्या गाडीत बसवून पाठवलं होतंत, मी सातवी-आठवीत असताना. ते पहाटे उठले, आणि पाहुण्यासमोर जायचं तसं नीट व्हावं म्हणून आधी दाढी करायला बसले. दाढी होईपर्यंत ऊन वर आलं. त्यांना वाटलं, जिराफ तेवढ्यात येऊन गेला. परत आल्यावर तुम्ही त्यांच्याच ऑफिसात, त्यांच्याच खुर्चीत त्यांना बसवून, त्यांच्या हातात काहवा देऊन विचारलंत, और जिराफ? आता मालकाने काय सांगावं? की बाकी सगळ्यांना दिसतो आणि मला नाही? ते म्हणाले, देखा. घरी जाऊन बायकोला खरं सांगितलं आणि आठवडाभर उदास होते. तुमच्याशी ते एकदाच खोटं बोलले म्हणे, आणि ते अजून त्यांच्या मनात आहे.

मी वाटी खाली ठेवली. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी विचारलं, म्हणजे ते पिल्लू? ती म्हणाली, पिल्लूवाले आमच्या आईचे मामा, ते दुपारी बारापर्यंत झोपतात. मी विचारलं, आणि पापणी मिटली ती? आता तिला हसू आवरेना. त्या बाईंना चष्म्याशिवाय समोरची ताट-वाटी दिसत नव्हती. बाबा, सगळं अझैबा आणि निझवापर्यंतची अर्धी माणसं तुमच्यासमोर बसून, हलवा खाऊन, तुमच्या जिराफाबद्दल खोटं बोलून गेली. आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो बाकीच्यांना दिसला, आपलंच काहीतरी चुकलं. आम्ही दोघी त्या बोळात भिंतीला टेकून इतक्या हसलो की चहावाल्या बाई धावत आल्या आणि त्यांनी गादी बदलून देऊ का म्हणून पुन्हा विचारलं.

हसून झाल्यावर मी खोलीत जाऊन रडलेही, ते तिला सांगितलं नाही. तिला कळलं असेल, कारण तिने त्या दिवशी माझ्या वाटणीचे मश्रूम न बोलता खाल्ले.

शेवटून दुसरा दिवस. गाडी टांझानियातल्या अभयारण्यातून जात होती, दुपार होती, जेवण झालं होतं, आणि चार पहाटांची झोप माझ्या अंगावर आली. मी म्हटलं, पाच मिनिटं पडते. अर्बाबची मुलगी शेवटच्या डब्यात गेली, तिथे मागे उघडी गॅलरी आहे. मला जाग आली तेव्हा ती दारात उभी होती, धापा टाकत, अबाया दोन्ही हातांनी वर धरलेला. बारा डबे पळत आली होती.

"जिराफ," ती म्हणाली.

"किती?"

"ग्यारह."

"कुठे?"

"गये."

मी खिडकीला नाक लावलं. झाडं होती. मी विचारलं, कुठल्या बाजूला होते? ती म्हणाली, माझ्या उजव्या हाताला. म्हणजे तेही चुकलं, मी म्हटलं. मग तीच थांबली आणि म्हणाली, पण मी गॅलरीत मागे तोंड करून बसले होते. मी कागद काढला आणि त्यावर गाडी काढली, पुढे इंजिन, मागे गॅलरी, गॅलरीत पाठमोरी ती. पाठमोऱ्या माणसाचा उजवा हात म्हणजे गाडीची डावी बाजू. आम्ही दोन वेळा पडताळून बघितलं, एकदा तर ती मागे तोंड करून खुर्चीवर बसली आणि मी इंजिन झाले. डावीकडेच. तुमचा देश चुकला, दिवस चुकला, वेळ चुकली, एकाचे अकरा झाले, पण बाजू बरोबर होती, बाबा. मी तो कागद जपून आणला आहे.

काल संध्याकाळी हलवा घेऊन अर्बाबकडे गेले. तुमचा नियम मी मोडलेला नाही, परत आलेल्याने जाऊन बसायचं. ते आता चाकांच्या खुर्चीत असतात, दिवसभर टीव्हीसमोर, कोणाचं नाव आठवत नाही त्यांना. मला बघून त्यांनी दोनदा आईचीच खुशाली विचारली. मुलगी काहवा ओतत होती. मी गाडीबद्दल सांगितलं, पुलाबद्दल सांगितलं, ते मान डोलवत होते, कुठेतरी दुसरीकडे. आणि मग एकदम त्यांचे डोळे माझ्यावर येऊन थांबले.

"और जिराफ?"

मी मुलीकडे बघितलं. ती काहव्याच्या भांड्यात बघत होती.

"देखा, अर्बाब."

"लेफ्ट में?"

"लेफ्ट में. बाबा बोलते थे वैसा ही."

त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला, पांढऱ्या खुंटांवरून, आणि मोकळं हसले. "मैं शेविंग कर रहा था," ते म्हणाले. "तुम्हारा बाप सच बोलता था. मैं ही शेविंग कर रहा था." मग त्यांनी हलव्याचा मोठा तुकडा उचलला. मुलीने तो साखरेमुळे काढून घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

हे पत्र मी त्या जुन्या माहितीपत्रकात घालून कपाटात ठेवणार आहे, डाव्या पानाशी. उद्या अकरा वाजता एक जोडपं येणार आहे, त्यांना आफ्रिकेची गाडी हवी आहे. संध्याकाळी ऑफिस बंद करताना मी भिंतीकडच्या खुर्च्या जरा पुढे ओढून ठेवल्या.

जिराफांच्या वेळी मी झोपले होते, बाबा. अर्बाबची मुलगी म्हणते घोरत होते, पण तेवढं तुम्ही खरं धरू नका.